कमावलेली परंपरा : ए. के. रामानुजन यांच्या निमित्ताने

ए. के. रामानुजन हे नाव मराठी वाचकाला बहुधा तुकड्यातुकड्यांनी भेटतं. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्याला ते भारतीय इंग्रजी कवितेच्या पेपरात निसिम इझिकेल यांच्या शेजारी सापडतात. वचनसाहित्याची ओढ असलेल्याला ते बसवण्णा आणि अक्कमहादेवी यांना इंग्रजीत नेणारे अनुवादक म्हणून ठाऊक असतात. लोककथांच्या अभ्यासकाचं त्यांच्या संग्रहावाचून पान हलत नाही. यातलं काहीच ज्याच्या वाचनात नाही, त्याच्या कानावर निदान रामायणावरच्या त्यांच्या निबंधाचा वाद तरी आलेला असतो. यांपैकी कशावरही त्यांचं घर चालत नव्हतं. ते आयुष्यभर शिक्षक होते. क्विलोन, मदुराई, बेळगाव, बडोदा आणि मग तीस वर्षं शिकागो, असा त्यांच्या नोकरीचा प्रवास आहे.

हे पुस्तक त्या शिक्षकापासून सुरुवात करतं. कवी, अनुवादक आणि संशोधक ही त्यांची तीन रूपं वेगवेगळी अभ्यासण्याचा रिवाज पडला आहे. त्यामुळे या तिघांना जोडणारा वर्ग नजरेआड राहिला. आमचं म्हणणं असं की, शिकवण्यातूनच त्यांचं बाकीचं काम उभं राहिलं. ज्यांचा आपल्या भाषेशी, देवांशी, नात्यागोत्यांशी काही संबंध नाही अशा मुलांना समजावून सांगायची पाळी आली, तेव्हा त्यांना स्वतःची परंपरा मुळापासून शिकावी लागली. त्या शिकण्यातून भाषांतरं झाली आणि भाषांतरांनी त्यांच्या कवितेला वळण दिलं. परंपरा जन्माने हाती येत नाही, ती कमवावी लागते, या आशयाचं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. या पुस्तकाच्या शीर्षकाला आधार त्याच विचाराचा.

रामानुजन यांचा जन्म १६ मार्च १९२९ रोजी म्हैसूरला, तमिळ अय्यंगार घराण्यात झाला. वडील गणिताचे प्राध्यापक. खगोलशास्त्रात जितके रमणारे तितकेच फलज्योतिषातही. घरात वरच्या मजल्यावर वडिलांची इंग्रजी, खाली आईची तमिळ आणि उंबऱ्याबाहेर गल्लीत कन्नड. तीन भाषांची ही वाटणी त्यांनी पुढे अनेकदा सांगितली आणि तिच्यातून एक मोठा विचारही काढला. घरच्या, बायकांच्या, स्वयंपाकघरातल्या बोलीत सांगितलं जाणारं साहित्य आणि पोथ्यापुस्तकांतलं साहित्य ही दोन्ही एकाच घरात राहतात, एकमेकांना ऐकतात, एकमेकांना उत्तरं देतात. भारतीय वाङ्मयाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी इथेच घडली.

म्हैसूरला इंग्रजी साहित्यात एम.ए. करून त्यांनी दक्षिणेतल्या कॉलेजांत अध्यापन केलं. त्यांपैकी बेळगावचं लिंगराज कॉलेज मराठी वाचकाला जवळचं वाटावं. कन्नड आणि मराठी शेजारीशेजारी बोलणाऱ्या त्या गावात त्यांनी लोककथा टिपून घ्यायला सुरुवात केली. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी भाषाशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास केला. डॉ. सु. मं. कत्रे यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेज तेव्हा देशातल्या आधुनिक भाषाशास्त्राचं मोठं केंद्र झालं होतं. इरावती कर्वे तिथेच होत्या, आणि त्यांनी १९५० मध्ये इडिपसच्या कथेच्या एका मराठी रूपावर टिपण प्रसिद्ध केलं होतं. त्याच कथेच्या भारतीय रूपांवर रामानुजन यांनी पुढे महत्त्वाचा निबंध लिहिला. ते परदेशी गेले ते हा पुणे-बेळगावचा संस्कार घेऊन, ही गोष्ट मराठीत फारशी नोंदली गेलेली नाही.

१९५९ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर ते इंडियाना विद्यापीठात गेले. १९६२ मध्ये शिकागो विद्यापीठात रुजू झाले आणि १९६३ मध्ये कन्नडच्या व्याकरणावर त्यांना पीएच.डी. मिळाली. काळ त्यांच्या बाजूने होता. सोव्हिएत संघाने १९५७ मध्ये स्पुटनिक सोडल्यावर अमेरिकेने १९५८ मध्ये राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला आणि परदेशी भाषांच्या अध्यापनासाठी विद्यापीठांना पैसा मिळू लागला. तमिळ, हिंदी, बंगाली, मराठी शिकवणाऱ्यांना तिथे अचानक जागा निर्माण झाल्या. महासत्तेची गरज राजकीय होती; पण त्या गरजेतून उघडलेल्या वर्गात एका कवीने दोन हजार वर्षांपूर्वीची प्रेमकविता शिकवली. शिकागोत ते दक्षिण आशियाई भाषा विभागात, भाषाशास्त्रात आणि पुढे 'कमिटी ऑन सोशल थॉट' या नामांकित विभागातही शिकवत राहिले.

स्थलांतर करून परदेशी विद्यापीठात शिकवणारा कवी ही विसाव्या शतकाची खास निर्मिती आहे. पोलंडचे चेस्वाफ मिवोश १९६० पासून बर्कलीला स्लाव्हिक साहित्य शिकवत होते. सोव्हिएत संघाने १९७२ मध्ये हाकलून दिलेले जोसेफ ब्रॉडस्की मिशिगनला आणि नंतर माउंट होल्योक कॉलेजात शिकवत. सेंट लुशियाचे डेरेक वॉल्कॉट बोस्टनला होते. तिघांनाही नोबेल मिळालं. आपल्याकडचे आगा शाहीद अली मॅसॅच्युसेट्सला, मीना अलेक्झांडर न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजात. या सर्वांची स्थिती मात्र एक नव्हती. मिवोश आणि ब्रॉडस्की यांच्यामागे राजकीय सत्तेने लावलेलं दार होतं; शाहीद यांच्यामागे जळणारं काश्मीर होतं. रामानुजन यांना कोणी घालवलं नव्हतं. ते येत-जात राहिले, भारतात राहणाऱ्या लेखकांशी त्यांचा घरोबा टिकला. त्यांचे कन्नड कवितासंग्रह भारतातच निघाले. पहिला, 'होक्कुळल्ली हूविल्ल', १९६९ मध्ये धारवाडच्या मनोहर ग्रंथमालेने काढला. म्हणून त्यांच्या कवितेत हद्दपारीचं दुःख शोधणाऱ्याची निराशा होते. तिथे दिसते ती दुरून अधिक स्पष्ट झालेली घरची माणसं.

'द स्ट्रायडर्स' हा त्यांचा पहिला इंग्रजी संग्रह १९६६ चा. पाण्याच्या पृष्ठभागावर चालणारा एक बारीक किडा त्याच्या नावात आहे, आणि कवीची नजरही तशाच बारीक गोष्टींवर आहे. पुढे 'रिलेशन्स' (१९७१) आणि 'सेकंड साइट' (१९८६) आले. आई, वडील, चुलते, आजी, घरातल्या मृत्यूंची आठवण, शरीराचे विकार, वंशपरंपरेने आलेल्या सवयी हे त्यांचे विषय. आवाज कधी चढत नाही. मदुराईच्या वैगै नदीवरची त्यांची कविता अनेक अभ्यासक्रमांत आहे. जुने-नवे कवी पुराची वर्णनं करतात. पण त्या पुरात वाहून गेलेल्या गरोदर बाईकडे कोणाचं लक्ष नाही, हा तिचा आशय. मदुराई ही तमिळ काव्यपरंपरेची राजधानी. तिथे काही काळ शिकवलेला माणूस त्या परंपरेवर मनापासून प्रेम करतो आणि तिच्या नजरेतून काय सुटलं हेही रोखठोक सांगतो. ही दुहेरी दृष्टी रामानुजन यांच्या सगळ्या लेखनात आहे.

शिकागोला आल्यावर पहिल्याच वर्षी, एका शनिवारी, ते हार्पर ग्रंथालयाच्या तळघरात प्राचीन तमिळचं व्याकरण शोधत होते. प्राचीन तमिळ त्यांना येत नव्हती, आणि ती शिकवायची तर आधी शिकणं भाग होतं. शोधताना त्यांच्या हाती १९३७ मध्ये उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी संपादित केलेला संगमकालीन प्रेमकवितांचा 'कुरुंतोगै' हा संग्रह लागला. अय्यर यांनी जुन्या ताडपत्रांवरच्या पोथ्या गावोगाव हिंडून मिळवल्या होत्या. म्हैसूरला वाढलेल्या तमिळ मुलाला त्याच्या भाषेतलं सर्वांत जुनं काव्य शिकागोत भेटलं. त्यातल्या सुमारे ४०० कवितांमधल्या निवडक कवितांचं भाषांतर त्यांनी 'दि इंटीरियर लँडस्केप' या नावाने १९६७ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि जगाला एक नवं काव्यशास्त्र कळलं.

ते काव्यशास्त्र इथे थोडं उलगडून सांगायला हवं, कारण मराठी वाचकाला ते लगेच आपलंसं वाटेल. संगम कवितेत घरातली, अंतरंगाची कविता म्हणजे 'अगम' आणि बाहेरची, युद्धाची व दानशूर राजांची कविता म्हणजे 'पुरम'. अगम कवितेत प्रेमाच्या पाच अवस्थांना पाच भूप्रदेश ठरवून दिलेले आहेत. डोंगरात मीलन, रानात वाट पाहणं, शेतीवाडीच्या सुपीक मुलखात नवऱ्याची बाहेरख्याली आणि बायकोचा रुसवा, समुद्रकाठी विरहाची तगमग, आणि उन्हाने करपलेल्या वाटांवर ताटातूट. प्रत्येक प्रदेशाला त्याचं फूल, पक्षी, वेळ आणि ऋतू आहे. डोंगराचं फूल कुरिंजी, बारा वर्षांनी फुलणारं. आपल्या सह्याद्रीतली सात वर्षांनी फुलणारी कारवी तिचीच नातलग. प्रेमिकांची नावं घ्यायची नाहीत, असाही दंडक आहे. 'तिने सांगितलं', 'तिच्या मैत्रिणीने सांगितलं' एवढंच. फुलाचं नाव उच्चारलं की वाचकाला सगळी मनःस्थिती कळते.

हे इंग्रजीत नेताना रामानुजन यांच्यापुढे मुख्य अडचण वाक्यरचनेची होती. तमिळमध्ये, मराठीप्रमाणेच, विशेषणांची माळ नामाच्या आधी येते आणि क्रियापद शेवटी. 'डोंगराकडून वाहत येणाऱ्या ओढ्याकाठच्या गावात राहणारा तो' असं आपण सहज म्हणतो. इंग्रजीत 'तो' आधी येतो आणि ओढा-डोंगर मागून. दृश्यं ज्या क्रमाने डोळ्यांपुढे यावीत असं कवीला वाटतं तो क्रम उलटा होतो. रामानुजन यांनी ओळी मोडल्या, पानावर आत-बाहेर सरकवल्या, वाक्य लांबवलं, आणि दृश्यं उलगडण्याचा क्रम शक्य तितका राखला. भाषाशास्त्रज्ञाने शोधलेल्या अडचणीवरचा तो कवीचा तोडगा होता. मराठी अनुवादकाला ही अडचण जवळजवळ येतच नाही. त्याची अडचण निराळी असते. संतकवितेने आणि लावणीने विरहाला जी शब्दकळा दिली आहे, ती नकळत संगम कवितेच्या अंगावर चढते. या पुस्तकासाठी भाषांतरं करताना हा धोका आम्हाला पदोपदी जाणवला.

१९७३ मध्ये 'स्पीकिंग ऑफ शिवा' आलं. बसवण्णा, देवर दासिमय्या, अक्कमहादेवी आणि अल्लमप्रभू या चार वचनकारांची इंग्रजी भाषांतरं त्यात आहेत. बाराव्या शतकातल्या वचनकारांच्या चळवळीचे धागे मंगळवेढ्यापर्यंत आणि पुढे सोलापूरपर्यंत आलेले आहेत, त्यामुळे ती आपल्याही इतिहासात येते. पाठोपाठ यू. आर. अनंतमूर्ती यांच्या 'संस्कार' या कन्नड कादंबरीचं भाषांतर (१९७६) आणि तमिळ संतकवी नम्माळवार यांच्या भक्तिपदांचं 'हिम्न्स फॉर द ड्राउनिंग' (१९८१) आलं. भक्तिकविता ही बोलीत घडलेली आधुनिक कविता म्हणून वाचता येते, हा आत्मविश्वास या पुस्तकांनी एका पिढीला दिला. मराठीत अरुण कोलटकर आणि दिलीप चित्रे त्याच सुमारास आपापल्या वाटेने तुकारामाकडे वळले होते; चित्र्यांचं 'सेज तुका' १९९१ मध्ये निघालं. हे सगळे एकमेकांचे समकालीन आणि समानधर्मी होते.

लोककथांच्या क्षेत्रातलं त्यांचं काम कदाचित सर्वांत दूरवर पोचलं आहे. त्यांनी सांगितलेली एक कन्नड कथा अशी: एका बाईला एक कथा आणि एक गाणं येत असे, पण ती कोणाला कधी सांगत नसे. कोंडून ठेवलेली कथा आणि गाणं कंटाळून एके दिवशी ती झोपली असताना तोंडावाटे बाहेर पडली. कथेचे झाले जोडे आणि ते दाराबाहेर जाऊन बसले; गाण्याचा झाला पुरुषाचा कोट आणि तो खुंटीला लटकला. नवरा घरी आला, परक्याचे जोडे-कोट पाहिले, संशय घेतला, भांडला आणि रागाने मारुतीच्या देवळात झोपायला गेला. रात्री गावातल्या दिव्यांच्या ज्योती देवळात गप्पा मारायला जमल्या, तेव्हा त्याला खरं काय ते कळलं. न सांगितलेली कथा सूड घेते, हे या कथेचं सांगणं. गिरीश कार्नाड यांना 'नागमंडल'ची कथावस्तू रामानुजन यांच्याकडून मिळाली आणि देवळात जमणाऱ्या ज्योती त्या नाटकात रंगमंचावर आल्या.

त्यांच्या 'फोकटेल्स फ्रॉम इंडिया' (१९९१) या संग्रहात एक तेलुगू कथा आहे. त्यात रविवारच्या व्रताची कथा ऐकवण्यासाठी एक म्हातारी श्रोता शोधत फिरते आणि कोणालाच वेळ नसतो. श्रावणात आदित्यराणूबाईची कहाणी ऐकलेल्या मराठी वाचकाला मोळीविक्या, माळी आणि मुलं गमावलेली म्हातारी आठवल्याशिवाय राहणार नाहीत. कहाणी ऐकणाऱ्याचंही भलं होतं आणि सांगणाऱ्याचंही, ही समजूत दोन्हीकडे आहे. या कहाण्या घरात बायकांनी सांगितल्या, म्हणून विद्वानांनी त्यांना साहित्यात धरलं नाही. रामानुजन यांनी त्यांना महाकाव्याच्या पंक्तीला बसवलं.

निबंधकार रामानुजन यांच्यावरच्या वादांना इथूनच सुरुवात होते. भारतीय विचारपद्धतीवरच्या १९८९ च्या निबंधात त्यांनी वडिलांचं उदाहरण घेऊन संदर्भानुसार बदलणाऱ्या नियमांचा विचार मांडला. रामायणाच्या रूपांवरच्या निबंधात वाल्मीकी, कंबन, जैन परंपरा, कन्नड लोकगीत आणि थायलंडचं रामकियेन यांची तुलना केली. त्या निबंधाच्या शीर्षकातला ३०० हा आकडा रामकथेचे अभ्यासक कामिल बुल्के यांच्या गणनेवरून आला. हा निबंध दिल्ली विद्यापीठाच्या इतिहासाच्या अभ्यासक्रमात होता. २००८ मध्ये त्यावरून इतिहास विभागात तोडफोड झाली आणि २०११ मध्ये विद्वत्परिषदेने तो काढून टाकला. भावार्थ रामायण घरोघर वाचणाऱ्या महाराष्ट्राला रामकथेची अनेक रूपं असतात हे नव्याने सांगावं लागू नये. तरीही निबंध न वाचता त्याच्याविषयी बोलणारे इथेही भेटतात. तो शांतपणे वाचावा, हाच त्या वादावरचा आमचा अभिप्राय.

रामानुजन यांच्यावरच्या समीक्षेत ठळक असे चार प्रवाह दिसतात. पहिला भारतीय इंग्रजी कवितेच्या समीक्षकांचा. आर. पार्थसारथी यांचं १९७६ चं संकलन आणि ब्रूस किंग यांची पुस्तकं यांनी त्यांना आधुनिकतावादी कवींच्या पहिल्या फळीत बसवलं. दुसरा कन्नड नव्य परंपरेतला, जो त्यांना गोपालकृष्ण अडिग आणि अनंतमूर्ती यांच्या सोबत वाचतो. तिसरा प्रवाह चिकित्सेचा. तेजस्विनी निरंजना यांनी 'साइटिंग ट्रान्सलेशन' (१९९२) मध्ये अल्लमप्रभूंच्या वचनाच्या भाषांतरावर बोट ठेवलं. वचनांना पाश्चात्त्य आधुनिक कवितेच्या आणि प्रोटेस्टंट धर्मकल्पनेच्या साच्यात बसवलं गेलं, असा त्यांचा आक्षेप. विनय धारवाडकर यांनी रामानुजन यांच्या भाषांतरविचाराची बाजू सविस्तर मांडली. चौथा प्रवाह कागदपत्रांवर उभा आहे. शिकागोच्या ग्रंथालयात जपलेल्या त्यांच्या वह्या आणि खर्डे वाचून गिएर्मो रॉद्रिगेझ यांनी २०१६ मध्ये त्यांच्या काव्यविचाराचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि २०१९ मध्ये डायऱ्यांची निवडही आली.

आम्हाला निरंजना यांचा आक्षेप गंभीर वाटतो. भाषांतरकार कोणासाठी भाषांतर करतो, याचा भाषांतरावर परिणाम होतो. अमेरिकन वर्गात बसलेल्या मुलांना कळावं म्हणून केलेल्या निवडींची किंमत मूळ वचनांना काही ठिकाणी मोजावी लागली आहे. मात्र त्या वर्गाशिवाय हे काम झालंच नसतं, हेही खरं. मराठीत भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादाने आपल्या मातीत रुजण्याचा आग्रह धरला. रामानुजन यांचं उदाहरण त्या आग्रहाला एक अवघड प्रश्न विचारतं: मातीपासून तेरा हजारांहून अधिक किलोमीटर दूर बसलेल्या माणसाने आपली परंपरा इतक्या खोलवर कशी वाचली? आम्हाला सापडलेलं उत्तर असं की त्यांना ती दुसऱ्याला समजावून द्यायची होती, आणि म्हणून त्यांना काहीच गृहीत धरता आलं नाही.

हा प्रश्न आज मराठीसाठी विशेष निकडीचा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी गाथासप्तशतीचा दाखला सर्वांनी दिला. पण स. आ. जोगळेकर यांनी १९५६ मध्ये मराठीत आणलेला तो ग्रंथ आज किती जणांच्या वाचनात आहे? जॉर्ज हार्ट यांनी संगम कविता आणि महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथा यांच्यातलं नातं दाखवलं. ते तपासण्याचं काम मराठी विद्यार्थ्यांनी हाती घ्यायला हवं. दुसरीकडे उत्तर अमेरिकेत, युरोपात, ऑस्ट्रेलियात मराठी शाळा चालवणारे आईवडील दर शनिवार-रविवारी नेमक्या रामानुजन यांच्या अडचणीला तोंड देत असतात: ज्या मुलांनी ओढा, ओसरी, श्रावण पाहिलेला नाही त्यांना कहाणी कशी सांगायची? त्यांच्यासाठी या माणसाच्या कामात प्रत्यक्ष उपयोगाचं बरंच काही आहे.

या पुस्तकाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. हे चरित्र नाही. १३ जुलै १९९३ रोजी, वयाच्या ६४ व्या वर्षी शिकागोत संपलेल्या त्या आयुष्यातल्या खासगी गोष्टींत आम्ही शिरलो नाही. समग्र समीक्षेचाही दावा नाही. संगम कविता आणि वचनं मराठीत देताना शक्य तिथे तमिळ आणि कन्नड मूळ संहितेकडे गेलो. रामानुजन यांच्या इंग्रजीवरून मराठी करण्याचा सोपा मार्ग टाळला, कारण तसं करणं म्हणजे त्यांच्याकडून काहीच न शिकणं झालं असतं. त्यांच्या इंग्रजी कवितांबद्दल लिहिताना प्रत्येक ठिकाणी ती कविता आणि त्याच काळातली भाषांतरं शेजारी ठेवून वाचली आहेत. वर्गात हे पुस्तक वापरलं जावं अशी इच्छा असल्याने परिभाषा कमीत कमी ठेवली आहे.

नव्या वाचकाने सुरुवात कुठूनही करावी. लोककथांपासून केली तर उत्तम. तिथून संगम कवितेकडे, मग वचनांकडे आणि शेवटी रामानुजन यांच्या स्वतःच्या कवितांकडे वाट सोपी होते. शिक्षकांना एक विनंती: यातला एखादा लेख शिकवायला घ्याल, तेव्हा सोबत गाथासप्तशतीतल्या चार गाथा आणि आपल्या भागात सांगितली जाणारी एक कहाणी घ्या. विद्यार्थ्यांना त्यांच्या घरातून कहाणी लिहून आणायला सांगा, सांगणाऱ्याचं आणि गावाचं नाव खाली लिहायला सांगा. रामानुजन बेळगावला हेच करत होते. या पुस्तकामुळे हे काम दोनचार कॉलेजांत आणि परदेशातल्या दोनचार मराठी शाळांत सुरू झालं, तरी आमचे श्रम सार्थकी लागले असं आम्ही समजू.